दिव्यांग माजी सैनिकांनी व्यवसाय करातून सूट कशी मिळवावी

सैन्यदलातून बाहेर पडून महाराष्ट्रात दुकान, वर्कशॉप किंवा एखादी सेवा सुरू करणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो. राज्याच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यात सैन्यदलांना सूट आहे, परंतु ती सेवेत असलेल्यांसाठी असल्यामुळे माजी सैनिकाच्या ओळखपत्रावर ती मिळत नाही. दिव्यांग माजी सैनिकाचा आधार वेगळा आहे: ज्या कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्वामुळे कामाची क्षमता लक्षणीयरीत्या घटते, त्यासाठी याच कायद्याच्या कलम २७-अ मध्ये सूट दिलेली आहे. पासष्ट वर्षे पूर्ण केलेल्यांनाही सूट असल्याने त्यांनी केवळ वयाचा पुरावा जोडावा.

अपंगत्वाची सूट शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मिळते. लष्करी वैद्यकीय मंडळाचा अहवाल निवृत्तिवेतन ठरवण्यासाठी असतो, म्हणून तो एकटाच पुढे करू नये. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी) अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि लष्करी अहवाल व उपचारांची कागदपत्रे सोबत न्यावीत, म्हणजे जुन्या दुखापतीचा इतिहास डॉक्टरांसमोर राहतो.

टक्केवारीकडे विशेष लक्ष द्यावे. निवृत्तिवेतनात ‘ब्रॉड बँडिंग’ लागू होते तेव्हा २० टक्के किंवा अधिक, परंतु ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरले जाते. त्यामुळे वैद्यकीय मूल्यमापन ३० टक्के असलेल्या जवानाला निवृत्तिवेतन ५० टक्क्यांच्या दराने मिळू शकते. नागरी सवलतींसाठी हा वाढीव आकडा चालत नाही. शिवाय उच्च रक्तदाबासारख्या आजारासाठी अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत असले, तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आजार नाही. ज्यांनी देशसेवेत शरीर झिजवले, त्यांना ही गोष्ट खिडकीवर उभे असताना कळू नये, एवढ्यासाठीच ती येथे सविस्तर सांगितली आहे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर व्यवसाय कर अधिकाऱ्याकडे कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा, प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. आधीच नावनोंदणी झालेली असेल, तर ती रद्द करण्याची विनंतीही करावी. नुसते भरणे थांबवल्यास थकबाकी आणि व्याज नोंदीवर चढत राहते.

ही सूट व्यक्तीला आहे. व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनीचा कर वेगळा भरावा लागतो. भागीदारीत दिव्यांग भागीदाराची सूट इतर भागीदारांना लागू होत नाही. नोकरांच्या पगारातून कर कापून भरण्याची मालकाची जबाबदारीही कायम राहते. जीएसटीत माजी सैनिक म्हणून माफी नाही. मात्र जीएसटी आणि उद्यम (लघुउद्योगांची केंद्रीय नोंदणी) या दोन्ही नोंदण्या विनाशुल्क असल्याने त्यासाठी कोणी शासकीय शुल्क मागितल्यास देऊ नये.

आयकरात किमान ४० टक्के अपंगत्वासाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे, परंतु ती जुन्या करप्रणालीतच मिळते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी प्रणाली निवडून नंतर नव्या प्रणालीत परतल्यास पुन्हा जुनीकडे जाता येत नाही, म्हणून दोन्ही प्रणालींतील कराचा हिशेब मांडूनच निवड करावी.

घरपट्टीच्या माफीचा अर्ज ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे स्वतंत्रपणे करावा लागतो आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र घ्यावे.