थरांनी रंगवलेला तीनताल : वादक कलाशिक्षकासाठी पहिला पाठ

बर्नच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा पॉल क्ले पुढे चित्रकार झाला आणि १९२१ ते १९३१ या काळात बाऊहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवत होता. एकाच रंगाचे पातळ थर चढवत फिकटाकडून गडदाकडे जायची त्याची रीत वादकाला चटकन उमगते. वर्ग तिथूनच सुरू करावा. ‘गाणं ऐका आणि मनात येईल ते रंगवा’ हा पाठ मात्र टाळाच. मुलं एक बासरी, एक मोर काढून मोकळी होतात.

३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवा, नाहीतर तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. ब्रश ८ नंबरचा गोल. रंग ट्यूबमधला प्रशियन ब्लू. अल्ट्रामरीन पुढच्या थराच्या पाण्याने सुटून येतो, पोस्टर कलर खालचा थर झाकून टाकतो. मटाराएवढ्या रंगात चार चहाचे चमचे पाणी घाला. सगळ्या सरावाला पुरेल इतका एकदाच कालवा. दुसऱ्यांदा कालवलेला जुळत नाही. पहिला थर कागदावर जेमतेम दिसावा. तोच गडद झाला तर चौथ्या थरानंतर फरक कळत नाही.

आधी केरवा, आठ मात्रांचा ताल : तीन सेंटिमीटरची आठ घरं ओळीने आखा, एक घर म्हणजे एक मात्रा. पहिला थर आठही घरांवर, दुसरा २ ते ८ वर, तिसरा ३ ते ८ वर. असं करत आठव्या घरावर आठ थर होतात.

मग सोळा मात्रांचा तीनताल, दोन सेंटिमीटरची सोळा घरं. पहिला थर ९ सोडून सगळीकडे, दुसरा १, ५ आणि १३ वर, तिसरा-चौथा फक्त १ वर. सम (पहिली मात्रा) गडद, टाळ्या (५ आणि १३) मध्यम, खाली (टाळी न वाजवायची नववी मात्रा) कोरी.

घाई झाली की सगळं बिघडतं. थर वाळला का, हे हाताची पाठ टेकवून बघा. कागद गार लागला तर आत अजून ओल आहे. अशा कागदावर ब्रश फिरवला की कडेला फुलकोबीसारखे डाग उमटतात आणि ते नंतर निघत नाहीत. एका घरावरून ब्रश एकदाच न्यावा, घासू नये. पावसाळ्यात वाळायला तिप्पट वेळही लागतो, म्हणून हेअर ड्रायर जवळ असू द्या, वीतभर लांबून फिरवा. दीड तासाच्या वर्गात आठ थर बसत नाहीत, पाचांवर थांबा. वाळेपर्यंत मुलांकडून पट्टीवर बोट ठेवून ‘धा धिं धिं धा’ म्हणवून घ्या. कोऱ्या घरावर आल्यावर ज्यांचा हात आपोआप बाजूला होतो, त्यांना दुगुणीची, म्हणजे दुप्पट लयीची, पट्टी द्यायला हरकत नाही.