कुंडीत माका लावायचाय? मग आधी चिखल करा

पितृपक्ष आला की मंडईत माक्याच्या चार काड्यांसाठी वीस-वीस रुपये मोजायचे, आणि गावाकडं तोच माका भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेला पायाखाली तुडवत जायचं, हे मला कधी पटलंच नाही. त्याआधी गणपतीच्या २१ पत्रींतही तो लागतोच, वर केसांच्या तेलाला वर्षभर, म्हणून म्हटलं घरीच लावू.

पण ओळख पक्की करा हां. मी पहिल्यांदा ऑनलाइन 'भृंगराज' (माक्याचंच संस्कृत नाव) म्हणून रोप मागवलं, महिनाभर लाडानं वाढवलं आणि फुलं आली पिवळीधमक! ती निघाली वेडेलिया, रोड डिव्हायडरवर पसरलेली असते ना तीच. काही जण एकदांडीलाही माका समजून उपटून आणतात. तिघंही सूर्यफुलाच्या कुळातली, त्यामुळे फूल बघून गोंधळ होतो. एकदांडीला लांबच लांब दांडी आणि टोकाला एकच फूल, तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, पानाच्या बेचक्यात येतं, पानं लांबट, समोरासमोर, हाताला खरखरीत, आणि दांडी बऱ्याचदा लालसर. तरी शंका असेल तर एक पान तळहातावर चोळा, आधी हिरवं दिसतं, मग थोड्या वेळात डाग काळपट पडतो. माझ्या बोटांचा डाग साबणानंही पटकन निघाला नाही. पूर्वी गोंदताना याचाच रस चोळायचे ते काही उगाच नाही.

आता बी. पाकळ्या गळल्या की मागं हिरवी चकती राहते, ती सुकून काळपट झाली की चुरगळायची, बारीक काळसर बी हातात येतं. इथे मी मोठी चूक केली, मेथीसारखं मातीखाली दाबलं आणि पंधरा दिवस नुसतं पाणी घालत बसले, एक कोंब नाही. कंटाळून उरलेलं बी हातावरून झटकलं ते पुदिन्याच्या कुंडीत पडलं, आणि तिथे मात्र दाट उगवलं! कारण या बियाला रुजायला उजेड लागतो, अंधारात ते झोपूनच राहतं. म्हणजे बी वरच्यावर भुरभुरायचं, हातानं हलकं थोपटायचं, वर माती अजिबात नाही, आणि पाणी स्प्रेनंच द्यायचं, नाहीतर सगळं वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. जून-जुलैची उबदार दमट हवा याला सगळ्यात भारी.

बी नसेल तर फांदी लावा, ते त्याहून सोपं. चार-पाच इंचाची कोवळी फांदी घ्यायची, खालची पानं काढायची आणि दोन पेरं ओल्या मातीत जातील अशी खोचायची. माका जमिनीला टेकला की पेरापेरातून मुळं सोडतो, त्यामुळे हमखास लागतो. फक्त गटाराच्या कडेचा किंवा तणनाशक मारलेल्या शेतातला आणू नका, शेवटी तो डोक्याला नाहीतर देवाला जाणार.

कुंडी खोल नको, पसरट हवी, जुनं घमेलंही चालतं. अर्धी माती, अर्धं कुजलेलं शेणखत, बस. बाकीच्या झाडांना आपण 'पाणी साचू देऊ नका' म्हणतो, इथे उलटं, माती कायम ओली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मी कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवते आणि दुपारी सावलीला सरकवते, एक दिवस जरी विसरले तरी लगेच मान टाकतो.

साधारण दोन महिन्यांत फुलं दिसायला लागली की जमिनीपासून दोन-तीन इंच ठेवून कात्रीनं कापायचा, उपटायचा नाही, परत फुटतो.

तेलाचं सगळे विचारतात म्हणून सांगते. ताजा पाला वाटून, फडक्यातून पिळून रस काढायचा. शास्त्रात रस तेलाच्या चौपट सांगितलाय, मी दुप्पटच घेते कारण तेवढा पाला निघतच नाही. खोबरेल तेलात टाकून मंद आचेवर ठेवायचं, तिथून हलायचं नाही. झालं की नाही बघायला कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची, तडतडली तर पाणी आहे अजून, शांत जळली तर गॅस बंद. पाणी राहिलं तर तेल खवट होतं. माझे पांढरे केस काही काळे झाले नाहीत, पण तेल डोक्याला थंड वाटतं. रस पोटात घ्यायचा असेल तर मात्र वैद्यांना विचारूनच.

आणि एक, चकत्या काळ्या पडायच्या आधी खुडत जा. मी एकदा दुर्लक्ष केलं, आता पुदिना, कढीपत्ता, गुलाब, सगळ्या कुंड्यांत माकाच उपटत बसलेय.