कन्सोल घेताय? या चुका टाळा: आधी घरातली लाइट, नेट आणि उन्हाळा बघा

दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे पैसे हातात आले की घरोघरी पोरं वडिलांच्या मागे लागतात, पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) पाहिजे म्हणून. का पाहिजे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "फोर-के आहे, १२० एफपीएस आहे," म्हणजे चित्र खूप बारीक आणि सेकंदाला १२० फ्रेम. आणि हॉलमध्ये टांगलेला असतो ३२ इंची एचडी रेडी टीव्ही, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. त्यावर फोर-के दिसणार कुठून? कन्सोल वाईट नाही, पण हे कारण रिव्ह्यूवाल्याचं आहे, तुमच्या घराचं नाही. जुना डबा टीव्ही असेल तर प्रश्नच मिटला. पीएस ५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज या दोन्हींना टीव्हीसाठी फक्त एचडीएमआय केबल आहे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची सोय नाही.

डिस्क ड्राइव्हचे पैसे वाचवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि डिस्क ड्राइव्ह नसलेला डिजिटल ३९,९९० ला होता. दहा हजारांचा फरक बघून माणूस डिजिटलकडे वळतो. पण डिजिटलवर प्रत्येक गेम डाउनलोडच करावा लागतो आणि मोठे गेम आता सहज १०० जीबीच्या वर जातात. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर असा एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कुणी नेट वापरलं नाही तर. शिवाय सोनीच्या मोठ्या नव्या गेमची स्टोअरवरची किंमत ४,९९९ पर्यंत जाते आणि विकत घेतलेला डिजिटल गेम पुढे कुणाला विकता येत नाही.

डिस्क मात्र गावात फिरते. एकानं क्रिकेट घ्यायचं, दुसऱ्यानं फुटबॉल, महिन्यानं अदलाबदल. मला आवडता कन्सोल विचाराल तर डिस्कवाला पीएस ५, आणि कारण एवढंच. पीएस ४ चे बहुतेक गेमही त्यावर चालतात, म्हणजे थोरल्या भावाच्या जुन्या डिस्का वाया जात नाहीत. अपडेट उतरवावे लागतात हे खरं, पण एकट्यानं खेळायचे बरेच गेम डिस्कवरून सुरू होतात.

डिजिटल घेऊन बसला असाल तर मॉडेल बघा. नंतर आलेल्या स्लिम डिजिटलला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना नेट लागतं. २०२० च्या मूळ डिजिटल मॉडेलला तो जोडता येत नाही.

एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये ड्राइव्हच नाही आणि ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये गेमसाठी हातात येतात साधारण ३६४. तीन-चार मोठ्या गेममध्ये डबा भरला. पण छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहता, घरात फायबर आहे, तर मी उलटाच सल्ला देईन: सिरीज एस घ्या आणि गेम पासवर, म्हणजे एक्सबॉक्सच्या वर्गणीवर मिळणारे गेम, खेळा. स्वस्तात इतके गेम दुसरीकडे मिळायचे नाहीत.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहणं

"इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की कन्सोल बंद पडतो," ही तक्रार नेहमीची. आधी कन्सोलचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. बऱ्याच घरांत त्या लाइनवर फक्त पंखे आणि दिवे असतात. प्लग बरोबर असेल तर इन्व्हर्टरवरचं बटण तपासा. बऱ्याच इन्व्हर्टरवर ते असतं, त्याच्या एका बाजूला यूपीएस लिहिलेलं असतं. ते नॉर्मल किंवा इकोवर असलं तर बॅटरीवर जायला वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही, कन्सोलला कळतो. यूपीएसवर करा.

भारनियमनाचं वेळापत्रक असेल तर कन्सोल रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) ठेवू नका, पूर्ण बंद करा. मध्येच वीज गेल्यावर पीएस ५ नीट सुरू होईना, तर दुकानाकडे पळायच्या आधी सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेन्यू, वापरा. मशिन बंद असताना पॉवर बटण दाबून धरा. पहिल्या बीपनंतर साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप वाजेल, तेव्हा सोडा. कंट्रोलर केबलनं जोडा आणि कॅशे साफ करून डेटाबेस रीबिल्ड करायचा पर्याय घ्या. यात गेम उडत नाहीत. रीसेटच्या पर्यायांना मात्र घाईत हात लावू नका.

कूलरसमोर मांडणं

पीएस ५ साठी कंपनीनं सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी आत काय होतं ते सांगायला नको. मग पोरं शक्कल लढवतात: कन्सोल कूलरच्या झोतात. हे करू नका. त्या हवेत ओल असते, कधी बारीक तुषारही, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार मशिनच्या आत जाऊन बसतात. त्यापेक्षा मोकळ्या टेबलावर, भिंतीपासून निदान १० सेंटीमीटर लांब ठेवा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात नको आणि धुळीची म्हणून पांघरलेली ओढणी खेळताना काढा. स्क्रीनवर तापल्याची सूचना आली तर बंद करून निवू द्या. मेमध्ये खेळ रात्रीच बरा.

बाकीचं थोडक्यात

निन्टेंडो स्विच मला मनापासून आवडतो, पण कंपनीची भारतात अधिकृत विक्री नाही. दुकानात दिसतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटीचं दुकानदारालाच विचारा.

प्लेस्टेशनचं खातं उघडताना देश भारतच निवडा, नंतर तो बदलता येत नाही. डिस्क दुसऱ्या देशातली असेल तर तिचं जादा कंटेंट भारतीय खात्यावर चालेलच असं नाही.

जुना कन्सोल घेताना फक्त मेन्यू बघून पैसे देऊ नका. जड गेम अर्धा तास चालवा, पंख्याचा आवाज ऐका, डिस्क आत-बाहेर करून बघा. कंट्रोलरची काडी सोडल्यावरही खेळाडू आपोआप सरकत असेल तर भाव पाडा. विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्या समोर काढायला लावा आणि मगच पैसे पाठवा.