सोलापुरात पॉवरपॉइंटवर काम करायचं असेल तर

सोलापुरात स्लाइड बनवायचं काम कमी नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलवाल्यांना बायरसाठी प्रेझेंटेशन लागतं, डॉक्टरांना परिषदेसाठी, विद्यापीठातल्या मुलांना व्हायवासाठी. ऑफिसात नवा आलेला मुलगा किंवा मुलगी दिसली की हे काम त्यांच्याच गळ्यात पडतं. पॉवरपॉइंट सगळ्यांनाच 'येतं', पण ते कुठे अडतं हे कुणी सांगत नाही.

पहिली अडचण स्लाइडच्या मापाची. एका फाइलला एकच माप. निम्मी पानं उभी आणि निम्मी आडवी, असं चालत नाही. गूगल स्लाइड्समध्येही तेच. मालकाला आडवं प्रेझेंटेशन आणि उभा कॅटलॉग दोन्ही हवं असेल तर दोन फाइली करायच्या आणि पीडीएफ जोडायच्या. २०१३च्या आवृत्तीपासून नवी फाइल १६:९ म्हणजे रुंद मापात उघडते, पण जुन्या सभागृहांतले काही प्रोजेक्टर अजून ४:३चेच, म्हणजे कमी रुंद, असतात. शेवटी माप बदललं की मांडणी विस्कटते. म्हणून आधी विचारायचं, दाखवणार कशावर?

खरा त्रास अक्षरांचा, आणि आपल्या गावात तो जरा जास्तच. एकाच स्लाइडवर मराठी, तेलुगू आणि कन्नड मजकूर मागणारे लोक इथे आहेत. इंग्रजीसाठी एक फॉन्ट ठरवता येतो, पण या तिन्ही लिपी पॉवरपॉइंट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' नावाच्या एकाच कप्प्यात टाकतं. तिथे निव्वळ देवनागरीचा फॉन्ट दिला की तेलुगूसाठी ते न विचारता दुसराच फॉन्ट उचलतं आणि ओळींची उंची बदलते. विंडोज ८पासून सोबत येणाऱ्या निर्मला यूआयमध्ये तिन्ही लिपी आहेत. दिसायला फार देखणा नाही, पण दगा देत नाही. डीटीपीवाल्यांकडून जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखंच दिसणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. गूगल स्लाइड्समध्ये स्वतःचा फॉन्ट चढवताच येत नाही. तिथल्या यादीतला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा.

त्यातून ऑटोफिट. मजकूर चौकटीत मावला नाही की ते अक्षरं लहान करतं आणि ओळींमधली जागाही आवळतं. इंग्रजीत खपून जातं. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि मथळा वाचवत नाही. मी ऑटोफिट सरळ बंद ठेवते. न मावणारा मजकूर पुढच्या स्लाइडवर हातानेच न्यावा लागतो, कारण एका चौकटीतून दुसरीत मजकूर आपोआप वाहण्याची सोयच नाही.

टॉवेलचे फोटो ही वेगळी डोकेदुखी. साधारणपणे पॉवरपॉइंट फाइल सेव्ह करताना फोटो दाबून बारीक करतं आणि जॅकार्डचं, म्हणजे नक्षीचं, विणकाम धूसर होतं. ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्डमध्ये 'फोटो दाबू नका' ही खूण फोटो टाकण्याआधीच करून ठेवायची. १६:९ची स्लाइड चित्र म्हणून काढली तर सेटिंग न बदलता ती साधारण १२८० बाय ७२० पिक्सेलची निघते. व्हॉट्सॲपला पुरे, छपाईला नाही. रंगांचं तर विचारूच नका. सगळा कारभार आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत; छापखान्याची शाईची रंगपद्धत, सीएमवायके, इथे नाहीच. स्क्रीनवर बघून शेड पास करणारा बायर पुढे हमखास भांडतो. फोटोशेजारी पँटोन नंबर (शेड ठरवायचा प्रमाणित रंगक्रमांक) लिहायचा आणि शेडकार्ड कुरिअरने पाठवायचं.

एवढं असेल तर कोरलड्रॉ या छपाईच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्येच का करू नये, असं छपाईतला कुणी ना कुणी म्हणतोच. सुंदर होईल, नक्कीच. पण मीटिंगच्या आदल्या रात्री मालकांचा फोन येतो, "दर जरा बदलून टाक की." तेव्हा मार्केटिंगवाल्यालाही फाइल उघडून आकडा बदलता आला पाहिजे. म्हणून लोगो, पट्ट्या, पार्श्वभूमी स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडांमागच्या साच्यात, टाकून द्यायची, म्हणजे चुकून कुणाचा हात लागून हलणार नाही. दरांचा तक्ता मात्र पॉवरपॉइंटचाच, साधा ठेवायचा. एक्सेलशी लिंक केलेला तक्ता आपल्या मशीनवर छान चालतो, पण एकटी फाइल मेलने गेली की लिंक तुटते आणि बायरसमोर जुनेच दर उभे राहतात.