कळा खऱ्या की खोट्या, आणि दवाखान्यात नेमकं कधी निघायचं

नववा महिना लागला की पोटात जरा कुठे काही झालं तरी मनात एकच येतं, ह्याच त्या का? आणि कोणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "सुरू झाल्या की कळेलच गं तुला". मला पण हेच सांगितलं होतं सगळ्यांनी आणि मला नाही कळलं. अडतिसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता पोट दर दहा-बारा मिनिटांनी दगडासारखं व्हायला लागलं, आम्ही बॅग उचलून निघालो, तिथे पोटाला पट्टे बांधून मशीन लावलं, आतून तपासलं, गर्भपिशवीचं तोंड पूर्ण बंद, आणि पहाटे परत घरी. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढचे दोन दिवस पोट कडक झालं तरी मी कोणाला सांगितलंच नाही, आणि ही खरी चूक होती, परत यावं लागलं ती नाही. म्हणून आधीच सांगते, शंका आली म्हणून जाऊन परत आलात तर त्यात काहीही वाईट नाही, लेबर रूममधल्या लोकांना हे रोजचं आहे.

आता कळ म्हणजे काय ते आधी समजून घ्या. गर्भपिशवी हा एक मोठा स्नायू आहे, तो आवळतो तेव्हा पोट कडक होतं आणि सोडतो तेव्हा परत मऊ. हे हाताला कळतं. पोटाच्या वरच्या भागावर, बेंबीच्या वर, बोटं पसरून हात ठेवा आणि हलकं दाबा. नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघितल्यावर जसं लागतं तसं लागलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, आणि कपाळासारखं म्हणजे बोट अजिबात आत जात नाही असं लागलं तर जोराची. नर्सिंग शिकताना असंच शिकवतात आणि घरी नवऱ्याला, आईला कोणालाही जमतं. मात्र सगळीकडे हात फिरवून बघा, पोटाचा एकच कोपरा टणक लागत असेल तर बऱ्याचदा ती बाळाची पाठ किंवा कुल्ला असतो, पिशवी आवळते तेव्हा सगळं पोट कडक होतं.

खोट्या कळांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात, जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७२ मधे त्यांचं वर्णन केलं म्हणून ते नाव. खोट्या म्हणजे तुमच्या मनाचे खेळ नव्हेत हं, पिशवी खरोखरच आवळत असते, फक्त त्याने तोंड उघडत नाही. दिवसभर उभं राहून दमलात, पाणी कमी प्यायलात, लघवी धरून ठेवली, बाळ फार वळवळलं की ह्या वाढतात. म्हणून पहिली परीक्षा घरच्या घरी करायची ती अशी, आधी लघवीला जाऊन या, दोन ग्लास पाणी प्या, चालत असाल तर डाव्या कुशीवर पडा आणि पडलेल्या असाल तर उठून थोडं चाला, कोमट पाण्याने अंघोळ केली तरी चालेल. ह्यात तासाभरात कळा विरळ झाल्या, जोर कमी झाला तर खोट्या समजा. खऱ्या कळेला तुम्ही बसलात काय आणि चाललात काय, फरक पडत नाही, ती येतच राहते.

दुसरं म्हणजे दुखतंय कुठे. खोटी बऱ्याचदा नुसती पुढून ओढ दिल्यासारखी किंवा ओटीपोटात. खरी बऱ्याच जणींना कंबरेत मागून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येते, काहींना मांड्यांत उतरते. पण काहींना शेवटपर्यंत नुसती कंबरच दुखते, पुढे काहीच नाही, त्यामुळे "पोटात दुखत नाहीये ना मग काही नाही" असं धरून चालू नका. कंबरेचं दुखणं ठराविक वेळाने येतंय आणि मधे पूर्ण थांबतंय का ते बघा, तसं असेल तर ती कळच.

मोजायचं कसं ह्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ लोक मोजतात, तो नाही मोजायचा. एक सुरू झाली तिथपासून दुसरी सुरू झाली तिथपर्यंत मोजायचं. समजा १० वाजता सुरू झाली, ४५ सेकंद टिकली, पुढची १० वाजून ७ मिनिटांनी सुरू झाली, तर अंतर ७ मिनिटं आणि लांबी ४५ सेकंद. हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. मोबाईलवर ॲप आहेत, पण कागद-पेन पण चालतं आणि मला वाटतं कागदच बरा, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन तुम्ही डोळे मिटून पडू शकता, कळ आली की नुसता हात वर करायचा आणि समोरच्याने वेळ लिहायची. आणि दिवसभर मोजत बसू नका, माणूस नुसतं त्यानेच थकतं. एक तास मोजा, सोडून द्या, कळा बदलल्यासारख्या वाटल्या की परत मोजा.

पहिली डिलिव्हरी असेल, दिवस पूर्ण भरलेले असतील म्हणजे ३७ आठवडे होऊन गेलेले, आणि बाकी काही त्रास नसेल तर साधारण हिशोब असा की कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येक जवळपास १ मिनिट टिकणारी, आणि हे असं १ तासभर चालू. तेव्हा निघायचं. ह्याच्या जोडीला मी अजून एक बघायला सांगेन, कळ चालू असताना तुम्ही बोलू शकता का. वाक्य अर्ध्यात तुटत असेल, समोरच्याचा आवाज पण नको वाटत असेल, भिंत धरून वाकावंसं वाटत असेल तर घड्याळ सहा मिनिटं दाखवत असलं तरी फोन करा.

दुसरी किंवा तिसरी खेप असेल तर हा हिशोब विसरा. माझ्या दुसऱ्या वेळी मी "पाच मिनिटं होऊ देत" म्हणत थांबले आणि आठ मिनिटांवरून एकदम तीनवर आल्या, मधलं काही झालंच नाही, आणि पोचल्यावर पाऊण तासात बाळ हातात. शरीराने रस्ता एकदा पाहिलेला असतो त्यामुळे वेग वेगळाच असतो. कळा नियमित झाल्या, जोर वाढतोय असं वाटलं की निघा. दवाखाना लांब असेल, ट्रॅफिकचा भरवसा नसेल, आधीची डिलिव्हरी झटपट झाली असेल, तर अजून लवकर. जुळी असतील, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, आधी सिझर झालेलं असेल, बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काहीतरी सांगितलेलं असणार, सांगितलं नसेल तर पुढच्या व्हिजिटला मुद्दाम विचारून घ्या, आणि तेच पाळा, इथलं नाही.

हे पण सांगायला हवं की खऱ्या कळा सुरू झाल्या म्हणजे लगेच बाळ येत नाही. तोंड १० सेंटीमीटर उघडावं लागतं, तपासल्यावर "दोन बोटं उघडलंय" म्हणतात ना ते हेच. त्यातले पहिले पाचेक सेंटीमीटर फार हळू जातात, पहिलटकरणीला कधीकधी अख्खा दिवस. ह्या काळात घरी असाल तर झोप येईल तेवढी झोपा, हलकं काहीतरी खा, पाणी प्या, दर दोन तासांनी लघवीला जा. दमून जाऊ नका, खरी ताकद पुढे लागते.

आता घड्याळ बाजूला ठेवून लगेच निघायचं केव्हा. हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पाणी, म्हणजे पोटात बाळाभोवती असतं ते, गेलं तर. ते सिनेमात दाखवतात तसं धबधब्यासारखंच जाईल असं नाही, नुसतं टिपूस टिपूस ओलं पण होत राहतं. लघवी की पाणी कळत नसेल तर कोरडं पॅड लावा, अर्धा तास पडून राहा, मग उभं राहा, उभं राहिल्यावर परत ओघळलं आणि आवळून धरूनही थांबत नसेल तर पाणीच समजा. पाण्याला लघवीचा उग्र वास नसतो. वेळ लिहून ठेवा, रंग बघा, पॅड फेकू नका, सोबत न्या. स्वच्छ किंवा फिक्कट पिवळसर असेल तर फोन करून निघा, कळा नसल्या तरी. हिरवट किंवा चॉकलेटी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, तेव्हा एक मिनिट पण वाया घालवू नका. आणि पाणी गेल्यावर योनीमार्गात दोरीसारखं काही लागलं किंवा बाहेर दिसलं तर ती नाळ असू शकते, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, गुडघ्यांवर ओणवं होऊन छाती खाली आणि कुल्ले वर ठेवा, नाळेला हात लावू नका, आत ढकलू नका.

रक्त. जेलीसारखा चिकट स्राव, त्यात गुलाबी किंवा तपकिरी रेघा, हे चांगलं लक्षण आहे, तोंड तयार होतंय, पण त्यानंतर कळांना काही तास लागतील नाहीतर काही दिवस, तेवढ्यावर धावू नका. पाळीसारखं लाल रक्त वाहत असेल तर मात्र थांबायचं नाही. तसंच पोट कडक झालं ते झालंच, मधे सैल पडतच नाही, दुखणं सलग, तर रक्त दिसत नसलं तरी निघा, वार, म्हणजे नाळेचं दुसरं टोक जिला जोडलेलं असतं ती, पिशवीपासून सुटत असू शकते. आधीच्या सिझरच्या टाक्यांवर कळ नसताना सुद्धा दुखत राहिलं तरी तेच.

बाळाची हालचाल. "डिलिव्हरी जवळ आली की बाळ शांत होतं" हे मी किती जणींकडून ऐकलंय आणि ते चूक आहे. हालचालींची तऱ्हा थोडी बदलेल, पण बाळाने हलायचं शेवटपर्यंत असतं, कळा चालू असताना सुद्धा. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर सकाळपर्यंत वाट बघत बसू नका, त्याच रात्री जा. माझं ह्या बाबतीत कोणाशीही जमत नाही, मी मैत्रिणींच्या मागे लागून पाठवते.

३७ आठवड्यांच्या आत तासाभरात चार-सहा वेळा पोट कडक झालं, कंबर राहून राहून दुखायला लागली, खाली दाब आल्यासारखं वाटलं, तर पोटात दुखत नसलं तरी जा. लवकर पोचलं तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन देता येतं आणि त्याला काम करायला वेळ लागतो, म्हणून तिथे एकेक तास महत्त्वाचा. थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं, उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं, ही बीपी वाढल्याची लक्षणं असतात, तेव्हाही लगेच निघा. ताप आला तरी तसंच.

दवाखान्यात फोन करताना घाबरून "आम्ही निघालोय" एवढंच सांगितलं जातं. सांगायचं असं, कितवा आठवडा, कितवी खेप, आधी सिझर आहे का, कळा किती मिनिटांनी आणि किती वेळ, पाणी गेलंय का आणि रंग काय, रक्त आहे का, बाळ हलतंय का, पोचायला किती वेळ लागेल. हे एका कागदावर लिहून फाईलला लावून ठेवा. आणि घरच्यांनो, जिला कळा येताहेत शक्यतो तिलाच बोलू द्या, कळ आली की तिचा आवाज ऐकून पलीकडच्याला बरंच कळतं.

गाडीत उताणं झोपवू नका, डाव्या कुशीवर किंवा बसून, बेल्ट लावायचा तर खालचा पट्टा पोटाखालून. आणि वाटेत शौचाला लागल्यासारखा जोर यायला लागला, आपोआप ढकललं जायला लागलं, तर आता पोचणं होणार नाही असं धरा. गाडी बाजूला घेऊन ॲम्ब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर ठेवा. तिला कुत्रं धापा टाकतं तसे छोटे छोटे श्वास घ्यायला सांगा. बाळाचं डोकं दिसलं तर ओढायचं नाही, नुसता हात खाली धरायचा. बाळ आलं की कोरड्या कापडाने चोळून पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर मिळून पांघरूण घाला. नाळ कापायची नाही, ओढायची नाही, मदत येईपर्यंत तशीच राहू द्या.