वारशात आलेल्या जुन्या रायफलीची निगा आणि डागडुजी

महाराष्ट्रात ज्या घरांतून वडिलोपार्जित रायफल आहे, तेथे ती बहुधा 0.315 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, येथे इंचांत) असते. इंग्रजी अमदानीत 0.303 हे लष्करी बोअर नागरिकांना वर्ज्य असल्यामुळे शिकाऱ्यांसाठी हे बोअर रूढ झाले. त्याचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या 8 मिलिमीटर मॅनलिखर जातीचे आहे, तर रायफलीची रचना ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातूनही अशा रायफली बाहेर पडल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद होत गेली आणि यांपैकी कित्येक रायफली जाड कापडाच्या किंवा चामड्याच्या खोळीत घालून कपाटामागे उभ्या केल्या गेल्या. अशी रायफल पन्नास वर्षांनी बाहेर काढून तिची निगा कशी घ्यावी, हे येथे सांगावयाचे आहे.

परंतु तिला हात लावण्याआधी कागदपत्रे पाहिली पाहिजेत. परवानाधारकाचे निधन झाले असेल, तर रायफल घरात ठेवून सावकाश साफसफाई करण्याची मुभा वारसाला नसते. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 नुसार ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाच्या नावे परवाना झाल्यावरच ती त्याच्या ताब्यात येते. स्वतःच्या परवान्यावरील हत्यार पुसणे व त्याला तेल देणे हे मालकाचे नित्याचे काम आहे, मात्र दुसऱ्याचे हत्यार दुरुस्त करून देण्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्याचप्रमाणे रायफलीवर कोरलेला क्रमांक खोडणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. म्हणून क्रमांकाच्या आसपास पॉलिश कागद फिरवावयाचाच नाही, मग तेथे कितीही गंज दिसो.

त्यानंतरची पायरी रायफल रिकामी असल्याची खात्री करण्याची. नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून आणि बोट चापापासून दूर ठेवून मॅगझिन काढावे, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) पूर्ण मागे ओढावा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहावे आणि मग करंगळीने चाचपून पाहावे, कारण वाळलेल्या तेलाच्या थराखाली पितळेची कड सहज लपून राहते. काडतूस अडकलेले आढळले, तर ते सळईने ठोकून काढण्याचा विचारही करू नये. रायफल तशीच परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्यावी. घरात रायफलीऐवजी ठासणीची बंदूक असेल, तर सावधगिरी अधिकच हवी. अशा कित्येक बंदुका भरलेल्या स्थितीतच खुंटीला टांगल्या गेल्या आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती अनेक दशकांनंतरही पेट घेते. नळीत लाकडी काठी अगदी तळापर्यंत सोडून तोंडापाशी खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक कानापर्यंत (नळीच्या मागच्या टोकाचे ठिणगीचे छिद्र) न पोहोचता चार बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी ठासलेले आहे असेच समजावे.

आता रायफल उजेडात आडवी ठेवून नुसती पाहावी आणि सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. घाई होते ती याच टप्प्यावर. जुन्या रायफलीचे खरे नुकसान गंजाने जितके होते, त्याहून अधिक ते चकचकीत करण्याच्या हौसेने होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलादावरचा निळसर-काळा रंग, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो रंग नसून लोहाच्याच काळ्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यामुळे तांबडा गंज खाणारे लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाजारातले आम्लयुक्त द्रावण त्या थरालाही खाऊन टाकते आणि खाली राखी, उघडे पोलाद उरते. पितळेची समई ज्या चिंचेने उजळते, तीच चिंच येथे घातक ठरते. लाकडावरील बारीक शिक्के, झिजलेल्या कडा आणि आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ हा त्या वस्तूचा इतिहास आहे. गंज थांबवणे, चिकटा काढणे आणि उरलेले टिकवणे एवढेच काम आपल्याकडे आहे.

ली-एनफिल्ड रचनेचा बोल्ट काढणे सोपे आहे. सुरक्षा-खटका पुढे करून बोल्ट पूर्ण मागे घ्यावा, त्याचे पुढचे डोके वर फिरवून खाचेतून सोडवावे आणि बोल्ट मागून ओढून घ्यावा. बोल्टच्या मुठीवरील क्रमांक मुख्य सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे, कारण बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो आणि दुसऱ्या रायफलीचा बोल्ट वरवर नीट बसला, तरी काडतुसामागची मोकळी जागा चुकलेली असू शकते. लाकूड उतरवायचेच असेल, तर आधी पुढचे लाकूड आणि मगच दस्ता (खांद्याला टेकणारे मागचे लाकूड), हा क्रम मोडू नये. लष्करी ली-एनफिल्डमध्ये दस्त्याच्या लांब बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते, त्यामुळे पुढचे लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की लाकूड चिरते. नवशिक्याने दस्ता न काढलेलाच बरा.

स्क्रू काढताना पेचकसाचे पाते खाचेत घट्ट आणि संपूर्ण रुंदीने बसले पाहिजे. निमुळत्या पात्याने खाच फाटते आणि ती जखम कायमची राहते. स्क्रू हलत नसेल, तर आत झिरपणारे तेल लावून दोन दिवस थांबावे आणि तरीही तो हटून बसला, तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या माथ्यावर मिनिटभर टेकवून पाहावे. काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर रायफलीची आकृती काढून त्या त्या जागी खोचून ठेवावा. दिसायला एकसारखे असलेले दोन स्क्रू लांबीला सुताभराने वेगळे निघतात. चापाच्या यंत्रणेला फक्त पुसून थेंबभर तेल द्यावे. तिचे अडकणारे कोपरे घासून चाप हलका करण्याचा उद्योग कोणी सांगितला, तरी करू नये, कारण त्यानंतर रायफल नुसत्या धक्क्यानेही उडू शकते.

नळीची साफसफाई हा या कामाचा गाभा आहे आणि तेथे पहिला पदार्थ तेल नसून पाणी आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. जुन्या काडतुसांच्या टोपीत (दारू पेटवणाऱ्या मागच्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठासारखेच क्षार हवेतील ओल शोषून घेते आणि पोलाद खात राहते. ते तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्येही विरघळत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे दिलेल्या तेलाखाली ते तसेच सुखाने नांदत असते. म्हणून बोल्ट काढून आणि पुढचे लाकूड उतरवून चेंबरच्या बाजूने नरसाळ्यातून उकळते पाणी नळीत सोडावे. डिस्टिल्ड पाणी मिळाले तर उत्तम. पाणी गरम असले की नळीही तापते आणि आतून चटकन सुकते. लगेच कोरड्या चिंध्या फिरवाव्यात. ठासणीच्या बंदुकीच्या काळ्या दारूची काजळीही गरम पाण्यानेच सुटते.

ज्यांनी एनसीसीत रायफल हाताळली आहे, त्यांना फुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) आणि चार बाय दोनची चिंदी ठाऊक असेलच. अनेक लष्करी रायफलींच्या दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीत एक झाकण असते आणि आत तेलाची पितळी कुपी व दोरीचा फुलथ्रू ठेवलेला असतो. आपल्या रायफलीला असे झाकण असेल, तर ते उघडून पाहावे, कधी कधी तेलाची कुपी अजून तेथेच असते. मात्र जुन्या गंजासाठी दोरीपेक्षा प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली सरळ सळई आणि ब्राँझचा ब्रश अधिक उपयोगी. सळई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे न्यावी. तोंडाकडून घुसवली, तर ती तोंडाच्या कडेला घासते आणि नेमकेपणा त्या कडेवरच अवलंबून असतो. ब्रश पूर्ण बाहेर पडू द्यावा, मधेच उलट फिरवू नये. साफ करणारे द्रावण लावून रात्रभर ठेवावे, सकाळी ब्रश फिरवावा, चिंदी ओढावी. चिंदी काळी, मग तपकिरी आणि शेवटी फिकट येते. हिरवट-निळी छटा आली, तर ते गोळीच्या वेष्टनातले तांबे आहे. त्यासाठी अमोनियायुक्त द्रावण मिळते, पण ते बाटलीवर सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ नळीत राहू देऊ नये. सगळे झाल्यावर नळीतून उजेडाकडे पाहिले असता पेचदार खाचांच्या तळाशी काळे ठिपके दिसतील. ते खड्डे आहेत, मळ नव्हे, आणि कितीही घासले तरी ते जाणार नाहीत.

बाहेरच्या पोलादावरील गंजासाठी पातळ तेल पसरून एक दिवस थांबावे. मग तांब्याच्या कडेने तो खरवडावा, कारण तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज उचलते पण ब्लूइंगला फारसा ओरखडा काढत नाही. घरात जुना ढब्बू पैसा असेल, तर त्याच्याइतके सोयीचे हत्यार नाही. उरलेला गंज तेलात भिजवलेल्या सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांच्या स्टील वूलने, हलक्या हाताने काढावा आणि तेल तांबडे झाले की पुसून नवे लावावे. तेल न लावता स्टील वूल कधीही फिरवू नये.

चापाभोवतीची कडी, दस्त्याची लोखंडी पट्टी अशा सुट्या भागांवर तांबड्या गंजाची एकसारखी साय आली असेल, तर एक जुनी आणि समाधान देणारी पद्धत आहे. भाग स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही काढावा, तारेला टांगून ते भांड्याच्या तळाला टेकणार नाहीत अशा बेताने डिस्टिल्ड पाण्यात सोडावेत आणि सुमारे वीस मिनिटे उकळावेत. तांबडे ऑक्साइड उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलते, म्हणजे जो गंज पोलाद खात होता तोच त्याचे कवच बनतो. वर आलेली मखमलीसारखी काळी पूड तेल नसलेल्या स्टील वूलने अलगद पुसून पुन्हा उकळावे. तेल न लावता स्टील वूल वापरण्याचा हा एकच अपवाद. दोन-तीन फेऱ्यांनंतर पूड येईनाशी होते. तेव्हा भाग गरम असतानाच तेलात बुडवावेत. नळीसाठी हीच पद्धत लांब पन्हळ आणि सवयीचा हात मागते, म्हणून ती कारागिरावर सोपवावी.

लाकूड बहुधा अक्रोडाचे असते. त्यावर पॉलिश कागद, फ्रेंच पॉलिश किंवा चकाकणारे व्हार्निश यांपैकी काहीही चालवू नये. टर्पेंटाइनमध्ये ओलावलेल्या फडक्याने मळ काढावा. रायफल वर्षानुवर्षे उभी ठेवल्याने मुठीच्या भागात तेल मुरून लाकूड काळे आणि भुसभुशीत झाले असेल, तर खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप द्यावा, सुकल्यावर झाडून टाकावा आणि लेप पिवळा होणे थांबेपर्यंत हे करावे. दबलेल्या जागेवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकडाचे तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र उठत नाहीत. शेवटी जवसाचे कच्चे तेल तळहाताने चोळावे, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसावे आणि असे आठवडाभर रोज एकदा करावे. सुतार वापरतात ते बेलतेल (म्हणजे उकळलेले जवसाचे तेल) लवकर वाळते, पण त्याचा थर जाड दिला तर तो चिकट राहतो. एक इशारा येथे दिलाच पाहिजे. जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून ठेवली, तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती उन्हात पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावीत.

जोडणी करताना बोल्टचे डोके पूर्ण आवळलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. पोलादावर बंदुकीच्या खनिज तेलाचा पातळ हात पुरेसा आहे. खोबरेल किंवा तिळाचे तेल लावण्याची चाल आपल्या घरांतून आहे, परंतु खोबरेल थंडीत गोठते, तर तिळासारखी तेले हवेने घट्ट होऊन डिंकासारखी बसतात आणि बोल्टमधील स्प्रिंगला जखडतात. खंडेनवमीला हळद-कुंकू आणि ओली झेंडूची फुले हत्यारावर वाहिली जातात, ती दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच राहिली की पाकळीच्या आकाराचा गंज उमटतो. असे ठसे मी स्वतः पाहिले आहेत. पूजा अवश्य करावी, पण हत्यार पाटावर ठेवून वाहिलेले सर्व त्याच संध्याकाळी उचलावे आणि तेलाचा हात फिरवावा.

रायफल चामड्याच्या किंवा कापडाच्या खोळीत ठेवू नये, कारण खोळ ओल धरते आणि चामड्यातील रसायने पोलादाला बाधतात. कुलूपबंद लाकडी किंवा लोखंडी कपाटात, खाली फेल्ट घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी आणि त्या पुड्या महिन्याने गरम करून सुकवाव्यात. कोकणात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला आणि देशावर महिन्याला एकदा ती पुसणे भाग आहे. निवडणुकीच्या काळात रायफल पोलीस ठाण्यात जमा केली असेल, तर परत आणल्या दिवशीच नळीत चिंदी फिरवावी. नुसते जतन करावयाचे असल्यास तेलाऐवजी संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावले, तर धूळ चिकटत नाही आणि हाताचे ठसे उमटत नाहीत.

ती पुन्हा उडवावयाची की नाही, हा निर्णय घरी घेऊ नये. नळीतील खड्डे, चेंबरमधील भेगा आणि काडतुसामागची मोकळी जागा गेजने मोजून पाहिल्याखेरीज पन्नास वर्षे बंद राहिलेली रायफल कोणी उडवू नये, आणि तिच्यासोबत डब्यात सापडलेली त्याच काळातली काडतुसे तर मुळीच वापरू नयेत. ती नोंद करून पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावीत.