खोली मिळाली, डिस्चार्जही झाला, तरी महिन्याभरात सगळं फिसकटतं? मग या चुका टाळा

मानसिक आजार असलेल्या माणसाला जागा मिळवून देणं वेगळं आणि त्याने त्या जागेत टिकणं वेगळं, हे मला केस मॅनेजर म्हणून, म्हणजे अशा माणसाच्या उपचार-घराची जुळवाजुळव बघत, बरीच वर्षं काढल्यावर कळलं. खोली हातची गेली की सगळे म्हणतात आजार उलटला. पण नीट मागे जाऊन बघा, बहुतेक वेळा त्याच्या आधी दोघातिघांमध्ये काहीतरी राहून गेलेलं असतं, हॉस्पिटलला वाटतं हे लोक बघतील, आम्हाला वाटतं हॉस्पिटल बघेल, घरच्यांना वाटतं आता काय, सगळी सोय झाली की.

शुक्रवारी संध्याकाळचा डिस्चार्ज

ही सगळ्यात महागात पडते म्हणून आधी हीच. आमच्याकडे एकाला शुक्रवारी संध्याकाळी सोडलं, पिशवीत तीन रात्रींच्या गोळ्या, आणि पुढची अपॉइंटमेंट थेट गुरुवारची. शुक्र, शनि, रवि, संपल्या गोळ्या! हे साधं बोटावर मोजायचं गणित कोणीच केलं नव्हतं, मी पण नाही. बुधवारी सकाळी मी नवीन पाकीट घेऊन पोचले, म्हटलं चला आता आज रात्रीपासून परत सुरू, आणि सहज म्हणून नर्सला फोन लावला. ती जवळजवळ ओरडलीच, म्हणाली आधीचा डोस अजिबात देऊ नका. औषध क्लोझापिन होतं, स्किझोफ्रेनियावर देतात ते. ते ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर पूर्वीच्या डोसवर एकदम जाता येत नाही, बीपी धाडकन उतरू शकतं, फिट येऊ शकते, त्यामुळे डॉक्टर परत १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेतात. म्हणजे तीन गोळ्यांच्या घोळापायी माणूस कित्येक आठवडे मागे गेला.

तेव्हापासून मी डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय हलत नाही : शेवटची गोळी कुठल्या रात्रीची, पुढचं पाकीट कोण आणणार (नाव पाहिजे, "टीम" चालणार नाही) आणि पहिली भेट कधी. गोळ्या अपॉइंटमेंटच्या पुढे निदान दोन-तीन दिवस पुरल्या पाहिजेत आणि पहिली भेट सात दिवसांच्या आत, कारण हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा धोका सगळ्यात जास्त असतो. आणि जमलं तर डिस्चार्ज सोमवार-मंगळवारी मागा, भांडून मागा.

"आधी बरा हो, मग घर"

गोळ्या नियमित घे, दारू सोड, सहा महिने नीट राहून दाखव, मग बघू खोलीचं. ऐकायला बरोबर वाटतं पण डोक्यावर छप्पर नसताना हे जमणार कसं? सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलटं केलं, आधी घर दिलं, उपचार माणसाच्या मर्जीने आणि सोबतीला टीम. यालाच हाउसिंग फर्स्ट म्हणतात. पुढे कॅनडाने २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत २००० हून जास्त लोकांवर हे तपासलं, तर शेवटच्या सहा महिन्यांत हाउसिंग फर्स्टवाल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात होते आणि नेहमीच्या सेवा घेणाऱ्यांत ३१ टक्के.

पण त्याच अभ्यासात आजाराची लक्षणं दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे खोली दिली म्हणून डोक्यात आवाज ऐकू येणं थांबेल अशी आशा घरच्यांना लावू नका, नंतर तेच लोक रागावतात.

इथेच अजून एक घोळ होतो, भाड्याचा करार आणि उपचाराच्या अटी एकाच कागदावर. गोळी चुकली म्हणून खोली जाणार असेल तर माणूस गोळी चुकल्याचं तुम्हाला कधीच सांगणार नाही. दोन्ही वेगळं ठेवा.

घरमालकाला सगळं सांगणं किंवा काहीच न सांगणं

आजाराचं नाव सांगायची गरज नसते आणि त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय सांगायचंच नाही. मालकाला खरं म्हणजे एवढंच हवं असतं की काही झालं तर फोन कोणाला करायचा आणि तो उचलला जाईल का. एका मालकाची तक्रार होती, रात्रभर नळ चालू असतो, टाकी रिकामी होते, काढा याला. मी भाडेकरूकडे जाऊन बसले, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग तो हळूच म्हणाला की पाण्याचा आवाज असला की डोक्यातले आवाज दबतात, तेव्हाच झोप लागते. एक छोटा रेडिओ आणि इयरफोन दिले, नळ बंद झाला. मालक अजून आहे, भाडेकरू पण आहे. तक्रार आल्याबरोबर आम्ही नवीन खोली शोधायला लागलो असतो तर हे कळलंच नसतं.

पहिल्या आठवड्यात गर्दी, तिसऱ्या महिन्यात कोणी नाही

शिफ्टिंगच्या दिवशी सहा जण हजर, नंतर शुकशुकाट. आधार कमी करायचाच असतो पण ठरवून. न्यूयॉर्कच्या निवारा केंद्रांतून घरात जाणाऱ्यांसाठी बनलेली क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन पद्धत नऊ महिन्यांची असते, तीन-तीन महिन्यांचे टप्पे, पहिल्यात तुम्ही सोबत जाता, दुसऱ्यात त्याचं त्याला करू देता आणि अडलं तरच मध्ये पडता, तिसऱ्यात सूत्रं दुसऱ्यांकडे देऊन बाजूला होता. बाजूला होण्याची तारीख त्याला पहिल्या दिवसापासून माहीत पाहिजे.

भाड्याचं एक पटकन सांगते. परत अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर त्या काळातलं भाडं कोण भरणार हे आधीच ठरवा. नाहीतर माणूस बरा होऊन येतो आणि दाराला दुसरं कुलूप.

दुसरी चावी

हास्यास्पद वाटेल, पण जादाची चावी कोणाकडे आणि ती घेऊन कोण कधी आत जाऊ शकतं, हे माणूस बरा असताना त्याच्याकडूनच लिहून घ्या. किती वेळ फोन उचलला नाही तर काळजी करायची, हे पण त्यालाच विचारा, कोणी म्हणतं एक दिवस, कोणी म्हणतं चार. आम्ही एकदा विचारलं नव्हतं. दोन दिवस दार उघडलं नाही म्हणून घाबरून कुलूप तोडलं, आत कोणी नाही, खोली झाडून-पुसून लख्ख, अंथरूण घडी घातलेलं. तो बहिणीकडे गेला होता. नवीन कुलपाचे पैसे आम्ही भरले आणि तो पुढचे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही.